प्रश्नोत्तरे : मॉड घातलेला सर्व्हर सुरू होतानाच कोसळतो तेव्हा

या वेळी सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच अडचणीची आहेत. माइनक्राफ्ट या गेमच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर (अनेकांना एकत्र खेळता यावे म्हणून जग चालवणारा प्रोग्राम) मॉडशिवाय, म्हणजे गेममध्ये भर घालणाऱ्या प्रोग्रामांशिवाय, सुरळीत चालतो, पण मॉड घातले की तो सुरू होता होताच बंद पडतो. मग कोणी हाताला येईल तो मॉड काढून पाहतो, कोणी मेमरी वाढवतो, तर कोणी सगळे पुसून नव्याने मांडणी करतो आणि त्यात महिनोन्महिने रचलेले जग गमावून बसतो. ही शेवटची गोष्ट टाळता येण्यासारखी आहे, म्हणूनच सदराची सगळी जागा या एकाच विषयाला दिली आहे.

प्रश्न : आम्ही काही मित्रांनी १.२०.१ या आवृत्तीसाठी फोर्ज या लोडरवर (गेममध्ये मॉड चढवणाऱ्या प्रोग्रामवर) चालणारे सुमारे ९० मॉड जमवून सर्व्हर उभा केला. सुरू करण्यासाठी पूर्वी लिहून ठेवलेली एका ओळीची फाइल वापरतो. तिच्यावर क्लिक केले की काळी खिडकी उघडते, अक्षरे भराभर वर सरकतात आणि खिडकी आपोआप मिटते. काय बिघडले हे वाचायलाही सवड मिळत नाही. एकेक मॉड काढून पाहावा का?

उत्तर : इतक्यात एकही मॉड काढू नये. खिडकी मिटली तरी तिच्यातला मजकूर हरवत नाही. सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ‘लॉग्ज’ नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या ‘लेटेस्ट’ या फाइलमध्ये ताज्या प्रयत्नाची सगळी हकिगत नोंदलेली असते, आणि तिच्याशेजारी फोर्ज ‘डीबग’ नावाचा अधिक तपशीलवार लॉगही ठेवतो. सर्व्हर पुरेसा पुढे जाऊन कोसळला असेल, तर ‘क्रॅश-रिपोर्ट्स’ या फोल्डरमध्ये तारीख आणि वेळ असलेली स्वतंत्र फाइल मिळते. या सर्व ठिकाणी ताजे असे काहीच नसेल, तर तेही एक उत्तरच आहे. दोष मॉडपर्यंत पोचलेलाच नाही. एकतर गेम ज्यावर चालतो ती जावा ही प्रणाली संगणकाला सापडलेली नाही किंवा तिला दिलेली आज्ञा चुकलेली आहे, हे त्यावरून कळते.

आपल्या बाबतीत ही शक्यता खरोखरच आहे, कारण आपण जुनी एका ओळीची फाइल वापरत आहात. १.१६.५ पर्यंत फोर्जची एक जार फाइल (जावा प्रोग्रामची बांधलेली फाइल) असे आणि तीच थेट चालवली जाई. १.१७ पासून फोर्जचा इन्स्टॉलर ‘रन’ नावाच्या फाइली स्वतः तयार करतो, बाकीचा पसारा ‘लायब्ररीज’ या फोल्डरमध्ये ठेवतो आणि मेमरीचे आकडे लिहिण्यासाठी ‘यूजर जेव्हीएम आर्ग्ज’ नावाची वेगळी फाइल देतो. तेव्हा जुनी फाइल बाजूला ठेवून इन्स्टॉलरने दिलेली ‘रन’ फाइलच वापरावी. विंडोजवरील ‘रन’ फाइलच्या शेवटच्या ओळीत ‘पॉज’ ही आज्ञा असते, त्यामुळे सर्व्हर कोसळला तरी आपण कळ दाबेपर्यंत खिडकी उघडी राहते.

आता लॉग कसा वाचावा याविषयी. प्रत्येक ओळीत वेळ, नोंद करणाऱ्या भागाचे नाव आणि नोंदीची पातळी असते : इन्फो, वॉर्न, एरर किंवा फेटल. मॉड घातलेल्या धडधाकट सर्व्हरच्या लॉगमध्येही ‘वॉर्न’च्या शेकडो ओळी येतात आणि ‘एरर’च्याही काही येतात, एखाद्या मॉडची एखादी पाककृती (वस्तू बनवण्याची कृती) वाचता आली नाही, एवढाच त्यांचा अर्थ असू शकतो, आणि त्यापायी सर्व्हर थांबत नाही. म्हणून लाल दिसणाऱ्या प्रत्येक ओळीच्या मागे धावू नये. सर्व्हर थांबला त्या जागेपासून वर वर जात, जिथे ‘एक्सेप्शन’ किंवा ‘एरर’ हा शब्द असलेली ओळ आणि तिच्याखाली ‘अ‍ॅट’ने सुरू होणाऱ्या ओळींची उतरंड दिसते, तिथे थांबावे. ‘अ‍ॅट’च्या त्या ओळी म्हणजे कोसळताना प्रोग्राममधले कोणते काम कोणी कोणाला सांगितले होते याची साखळी असते. उतरंडीत मध्येच ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी ओळ आली, की वरच्या बिघाडाचे कारण ती सांगते, अशा ओळी एकापेक्षा अधिक असतील तर सर्वांत खालची ओळ मूळ कारणाच्या सर्वांत जवळची असते. पुष्कळ जण पहिली ओळ वाचून थांबतात आणि ‘मॉड लोडिंग एरर’ एवढेच कळवतात. त्यातून कोणालाच काही समजत नाही, कारण ते लक्षणाचे नाव आहे, कारणाचे नव्हे.

नव्वद मॉड हाताने जमवलेले असताना सर्वांत अधिक संभव असतो तो एखाद्या मॉडला लागणारा दुसरा मॉड नसण्याचा, किंवा असूनही चुकीच्या आवृत्तीचा असण्याचा. फोर्ज हे अगदी स्पष्ट सांगतो. ‘मिसिंग ऑर अनसपोर्टेड मँडेटरी डिपेंडन्सीज’ अशी ओळ येते आणि तिच्याखाली चार गोष्टी मिळतात : कोणता मॉड हवा आहे, तो कोणी मागितला आहे, कोणत्या आवृत्त्या चालतील आणि प्रत्यक्षात कोणती सापडली. आवृत्त्यांची मर्यादा कंसांत लिहिलेली असते आणि ते कंस गणितातल्यासारखेच वाचायचे असतात. [४७,४८) याचा अर्थ ४७ धरून आणि ४८ वगळून मधल्या सर्व आवृत्त्या, [४७.१.३,) याचा अर्थ ४७.१.३ आणि तिच्या पुढची कोणतीही. १.२०.१ साठीच्या फोर्जचा स्वतःचा मुख्य क्रमांक ४७ आहे. त्यामुळे मागितलेल्या मॉडच्या जागी ‘फोर्ज’ हेच नाव दिसले आणि मर्यादा आपल्या आकड्याच्या पुढची असली, तर मॉड बदलण्याऐवजी फोर्जचीच १.२०.१ साठीची अलीकडची आवृत्ती घालावी. एक मॉड आणला की त्याला लागणारा आणखी एखादा मॉड नसल्याचे पुढच्या प्रयत्नात कळते, असे दोन-तीनदा घडू शकते. त्याने निराश होऊ नये. संदेशातले नाव बदलत आहे म्हणजे आपण पुढे सरकत आहोत.

प्रश्न : १.२१.१ साठी निओफोर्ज या दुसऱ्या लोडरचा सर्व्हर मांडला. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ असा संदेश येतो आणि त्यात ६५ आणि ६१ हे आकडे आहेत. संगणकावर जावा २१ नव्याने घातली आहे, तरीही तोच संदेश येतो.

उत्तर : त्या आकड्यांमधून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते. ६५ म्हणजे जावा २१ आणि ६१ म्हणजे जावा १७. फाइल जावा २१ साठी बनलेली आहे, पण ती चालवायला घेतली आहे जावा १७ ने, असे तो संदेश सांगतो. आपल्या संगणकावर दोन्ही जावा आहेत आणि नुसते ‘जावा’ असे म्हटले की जुनीच पुढे येते. कमांडच्या खिडकीत ‘जावा’ लिहून एक जागा सोडून ‘-व्हर्जन’ लिहिल्यास कोणती जावा उत्तर देते हे लगेच दिसेल. सोपा उपाय असा की ‘रन’ फाइलमध्ये ‘जावा’ या शब्दाच्या जागी जावा २१ च्या प्रोग्रामचा संपूर्ण मार्ग अवतरणचिन्हांत लिहावा. जुनी जावा काढून टाकण्याची गरज नाही. जुन्या गेमसाठी ती लागेलच.

कोणत्या गेमला कोणती जावा लागते, हे एकदा लक्षात ठेवावे. १.१६.५ आणि त्याआधीच्या मॉड घातलेल्या गेमसाठी जावा ८ हीच भरवशाची. १.१७ ला जावा १६ लागते, १.१८ पासून १.२०.४ पर्यंत जावा १७ आणि १.२०.५ पासून १.२१ च्या मालिकेपर्यंत जावा २१. नवी जावा जुन्याला चालेलच, असा समज पत्रांतून वारंवार दिसतो, पण मॉडच्या जगात तो खरा नाही. १.१२.२ चा फोर्ज जावा ८ पेक्षा नव्या जावावर चालवला, तर ‘यूआरएल क्लास लोडर’चा उल्लेख असलेला संदेश देऊन तो तिथेच थांबतो, कारण जावा ९ मध्ये अंतर्गत रचना बदलली आणि जुना फोर्ज त्या जुन्या रचनेवरच विसंबून होता.

प्रश्न : माझ्या संगणकावर मी एकटा खेळतो तेव्हा सगळे मॉड नीट चालतात. तोच ‘मॉड्स’ फोल्डर जसाच्या तसा सर्व्हरवर ठेवला तर ‘इनव्हॅलिड डिस्ट डेडिकेटेड सर्व्हर’ असे शब्द असलेली ओळ येते आणि सर्व्हर बंद पडतो. फोल्डर तोच आहे, मग फरक कशाचा?

उत्तर : स्वतंत्र सर्व्हर हा खेळाडूच्या गेमपेक्षा वेगळा प्रोग्राम आहे, हा तो फरक. सर्व्हर जगाचा हिशेब ठेवतो, पण पडद्यावर काहीच काढत नाही. म्हणून चित्र काढण्याचे, मेनूचे, आवाजाचे आणि कळफलकाचे भाग त्याच्यात नसतातच. आपण एकटे खेळता तेव्हाही पडद्यामागे एक सर्व्हर चालू असतो, पण तो खेळाडूच्या गेमच्या पोटातच असल्यामुळे ते सगळे भाग हाताशी असतात. केवळ खेळाडूसाठी लिहिलेला मॉड स्वतंत्र सर्व्हरवर गेला, की तो नसलेला भाग मागतो आणि फोर्ज त्याला तिथेच अडवतो. आपण पाठवलेल्या ओळीचा पूर्वार्ध पाहिला, तर मागितलेल्या भागाच्या नावात ‘क्लायंट’ हा शब्द सापडेल. आणि तिच्याखालच्या उतरंडीत तो मागणाऱ्या मॉडचे नाव बहुधा मिळेल.

शेडर (प्रकाश-सावल्यांचे परिणाम) चालवणारे, चित्रणाचा वेग वाढवणारे, दृश्य जवळ आणणारे, मेनूचे रूप पालटणारे मॉड सर्व्हरवर ठेवू नयेत. सोडियम आणि आयरिस ही त्यांतली सर्वपरिचित नावे. याउलट नवे ठोकळे, प्राणी, यंत्रे किंवा प्रदेश आणणारे मॉड दोन्हीकडे लागतात. नकाशाचे आणि वस्तूंच्या यादीचे मॉड मात्र एका ठोक नियमात बसत नाहीत. त्यांच्या पानावर ‘क्लायंट’ आणि ‘सर्व्हर’ यांपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. फॅब्रिक या आणखी एका लोडरवर ही अडचण कमी येते, कारण तिथे मॉडच्या माहितीपत्रकातच तो केवळ खेळाडूसाठी असल्याचे लेखकाने लिहिलेले असेल, तर सर्व्हर त्याला गुपचूप बाजूला ठेवतो. आपण तयार मॉडपॅक (मॉडचा जुळवलेला संच) वापरत असाल, तर त्याच्या निर्मात्याने सर्व्हरसाठी वेगळा संच दिला आहे का ते आधी शोधावे. असा संच असताना खेळाडूचा फोल्डर उचलून सर्व्हरवर टाकणे म्हणजे दुसऱ्याने आधीच केलेली निवड पुन्हा स्वतः करत बसणे होय.

लोडरची सरमिसळही अशाच वेळी होते. फॅब्रिकचा मॉड फोर्जवर चालत नाही आणि फोर्जचा फॅब्रिकवर चालत नाही. निओफोर्ज २०२३ मध्ये फोर्जपासून वेगळा झाला, १.२०.१ च्या पायरीवर त्या दोघांचे मॉड बहुतांशी एकमेकांकडे चालतात, पण १.२०.२ पासून त्यांच्या वाटा खरोखर वेगळ्या झाल्या. फॅब्रिक वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : फॅब्रिकचा लोडर आणि ‘फॅब्रिक एपीआय’ (अनेक मॉडना लागणारा आधाराचा मॉड) या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये स्वतंत्रपणे ठेवावी लागते.

प्रश्न : संगणकात ८ जीबी मेमरी आहे. मॉड पुष्कळ असल्याने ती सगळी सर्व्हरला दिली. आता तो आधीपेक्षा लवकर बंद पडतो.

उत्तर : कमाल मेमरी ठरवणाऱ्या ‘एक्स-एम-एक्स’पुढे आपण जो आकडा लिहिता, तो सर्व्हरच्या वस्तू साठवण्याच्या जागेचाच असतो. जावाला तिच्या स्वतःच्या कामासाठी त्याखेरीज मेमरी लागते आणि संगणकाच्या कार्यप्रणालीलाही लागते. सगळी जागा एकट्याला लिहून दिल्यावर जावा सुरूच होऊ शकत नाही, किंवा सुरू होते आणि मध्येच कार्यप्रणाली तिला ठार करते. दुसऱ्या प्रकारात क्रॅश रिपोर्ट मिळत नाही. लॉग एखाद्या साध्या ओळीवर तुटतो. लिनक्सवर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर अशा वेळी १३७ हा निर्गमन क्रमांक दिसतो. तो १२८ अधिक ९ असा बनतो आणि ९ ही प्रक्रियेला सक्तीने थांबवण्याची खूण आहे. १३७ दिसला की मॉडमध्ये दोष शोधण्याआधी मेमरीकडे पाहावे.

आपल्या ८ जीबीच्या संगणकावर सर्व्हरसाठी ४ ते ५ जीबी हा विवेकी आकडा आहे, तोही त्याच संगणकावर गेम चालवायचा नसेल तरच. खरोखर मेमरी कमी पडली, तर लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी एरर’ असे नाव घेऊन ते सांगितले जाते. ते नाव दिसत नसताना आकडा वाढवत राहण्यात अर्थ नाही. आकडा लिहिण्यातल्या चुकाही पत्रांत दिसतात. ४ पुढे ‘जी’ हे अक्षर राहून गेले, तर जावा ते ४ बाइट समजते आणि नकार देते. आरंभीची मेमरी कमाल मेमरीपेक्षा मोठी लिहिली तरीही ती सुरू होत नाही. ३२ बिटची जावा असेल तर तिला ४ जीबी देताच येत नाहीत. ६४ बिटचीच घालावी.

प्रश्न : कालपर्यंत सर्व्हर चालत होता. रात्री वीज गेली आणि संगणक बंद पडला. सकाळपासून सर्व्हर सुरू होताना कोसळतो. एकही मॉड बदललेला नाही. जग वाचेल का?

उत्तर : बहुधा वाचेल, पण त्यासाठी क्रम पाळावा लागेल. सर्वांत आधी सर्व्हरचा संपूर्ण फोल्डर, जसा आहे तसा, दुसऱ्या जागी नकलून ठेवावा. बिघडलेल्या अवस्थेची प्रतसुद्धा मोलाची असते, कारण दुरुस्तीच्या प्रयत्नात काही आणखी बिघडले तर निदान इथवर परत येता येते. मॉड पुन्हा उतरवून घेता येतात, गेम पुन्हा उतरवून घेता येतो. आपण आणि आपल्या सोबत्यांनी उभारलेले जग मात्र दुसरीकडे कुठेच नाही.

मग लॉग पाहावा. वीज गेल्यानंतरच्या बिघाडाचे सर्वांत नेहमीचे कारण आश्चर्य वाटावे इतके किरकोळ असते. वीज गेली त्या क्षणी एखाद्या मॉडची कॉन्फिग फाइल (निवडी नोंदवणारी फाइल) लिहिली जात होती आणि ती अर्धवट किंवा रिकामी राहिली. फोर्जवर तेव्हा ‘पार्सिंग एक्सेप्शन’ आणि ‘नॉट इनफ डेटा अव्हेलेबल’ असे शब्द येतात आणि जवळच त्या फाइलचे नाव असते. ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये, आणि १.२०.१ पर्यंतच्या फोर्जवर जगाच्या फोल्डरमधल्या ‘सर्व्हरकॉन्फिग’मध्येही, फाइली आकारानुसार लावून पाहाव्यात. शून्य बाइटची फाइल, किंवा उघडल्यावर निरर्थक चिन्हेच दिसणारी फाइल, बाहेर काढून ठेवावी. सर्व्हर सुरू होताना तो मॉड ती नव्याने लिहून घेतो. त्यात आपण केलेल्या निवडी तेवढ्या पुन्हा भराव्या लागतात.

संदेशात ‘सेशन लॉक’ किंवा ‘ऑलरेडी लॉक्ड’ असे शब्द असतील, तर त्याच जगावर दुसरा सर्व्हर अजून चालू आहे असा अर्थ होतो. कार्यप्रणालीच्या चालू कामांच्या यादीत जावाची जुनी प्रक्रिया दिसते का ते पाहावे आणि असल्यास ती थांबवावी. ‘लेव्हल डॅट’ ही फाइल वाचता येत नसेल, तर तिच्याच शेजारी ‘लेव्हल डॅट ओल्ड’ नावाची आधीची प्रत असते. बिघडलेली फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून जुनीचे नाव बदलावे. जगातले ठोकळे या फाइलमध्ये नसतात. ते ‘रीजन’ फोल्डरमध्ये असतात आणि तिथली प्रत्येक फाइल ३२ गुणिले ३२ चंकची (जगाच्या चौकोनी तुकड्यांची) असते. म्हणून एखादी ‘रीजन’ फाइल बिघडली तरी तेवढाच प्रदेश धोक्यात येतो, आणि बॅकअपमधून तेवढी एकच फाइल परत आणता येते.

याच पत्राच्या निमित्ताने एक इशारा द्यावासा वाटतो, कारण त्यातून होणारे नुकसान भरून येत नाही. घाबरून मॉड काढत खऱ्या जगावर सर्व्हर सुरू करू नये. काढलेल्या मॉडचे ठोकळे आणि वस्तू सर्व्हरला ओळखू येत नाहीत, तो त्या वगळून तो प्रदेश पुन्हा लिहितो, आणि मग मॉड परत ठेवला तरी त्या वस्तू परत येत नाहीत. १.१२.२ चा फोर्ज अशा वेळी थांबून संमती विचारतो. ती संमती द्यायची असेल, तर बॅकअप घेतल्याची खात्री करूनच द्यावी.

प्रश्न : ‘फेल्ड टु बाइंड टु पोर्ट’ म्हणजे काय?

उत्तर : सर्व्हर ज्या पोर्टवर, म्हणजे जोडणीसाठीच्या क्रमांकित दारावर, ऐकू पाहतो, ते आधीच कोणीतरी अडवलेले आहे. नेमलेले पोर्ट २५५६५ असते. बहुतेक वेळा आपलाच आधीचा सर्व्हर पुरता बंद झालेला नसतो, तो थांबवावा. तसे नसेल तर ‘सर्व्हर प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये ‘सर्व्हर-आयपी’पुढे काही लिहिले आहे का ते पाहावे. तिथे या संगणकाचा नसलेला पत्ता असला तरी हाच संदेश येतो. ती जागा रिकामी ठेवावी. मॉडचा याच्याशी काहीही संबंध नाही.

प्रश्न : लॉगमध्ये कोणत्याच मॉडचे नाव स्पष्ट येत नाही. ‘मिक्सिन’ हा शब्द मात्र अनेकदा दिसतो. आता तरी एकेक मॉड काढून पाहावा ना?

उत्तर : मिक्सिन ही मॉडने गेमच्या मूळ प्रोग्राममध्ये नेमक्या जागी स्वतःचा भाग बसवण्याची पद्धत आहे. ती जागा दुसऱ्या मॉडने आधीच बदललेली असेल, किंवा गेमच्या वेगळ्या आवृत्तीत ती जागाच नसेल, तर भाग बसत नाही आणि सर्व्हर थांबतो. संदेशात शेवटी ‘मिक्सिन्स’ आणि ‘जेसन’ असलेल्या फाइलचे नाव शोधावे. मॉडचे लेखक त्या नावात सहसा आपल्या मॉडचे नाव घालतात. पण तो मॉड दोषी आहेच, असे मानू नये. उतरंडीत ज्याचे नाव येते तो कधी कधी केवळ अपघाताच्या जागी हजर असलेला साक्षीदार असतो. म्हणून तो आणि त्याच जागेत हात घालणारा दुसरा मॉड, अशी जोडी शोधावी. वेग वाढवणारे दोन मॉड एकत्र ठेवले असतील तर संशय आधी त्यांच्यावर घ्यावा.

तरीही काही लागले नाही, तर काढून पाहणे योग्य आहे, पण एकेक करून नव्हे, निम्मे निम्मे करून. ९० मॉडमधून एक दोषी शोधायला एकेक करून ९० फेऱ्या लागू शकतात. दर वेळी निम्मे केले तर सात फेऱ्या पुरतात, कारण सात वेळा दुप्पट केले की १२८ होतात. ‘सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये ‘लेव्हल-नेम’पुढे नवे नाव लिहून हा शोध रिकाम्या जगावर करावा, खऱ्या जगावर कधीही नाही. इतर मॉडना आधार देणारे ग्रंथालयवजा मॉड प्रत्येक फेरीत आत ठेवावेत, नाहीतर नवाच बिघाड दिसेल आणि शोध भरकटेल. फेरीगणिक आत काय आणि बाहेर काय हे कागदावर लिहावे. दोन्ही अर्धे स्वतंत्रपणे नीट चालले आणि एकत्र आल्यावरच कोसळले, तर दोष एका मॉडचा नसून जोडीचा आहे. तेव्हा एक अर्धा आत कायम ठेवून दुसऱ्याचे तुकडे त्यात घालत जावे. जोडीतला एक सापडला की तो आत ठेवून पहिल्या अर्ध्याचे तसेच तुकडे करावेत. आणि एका फेरीत एकच बदल करावा. मॉड काढता काढता जावा बदलली किंवा मेमरीचा आकडा हलवला, तर कशामुळे काय झाले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : सर्व्हर सुरू झाल्याचा ‘डन’ हा संदेश येतो, पण काही वेळाने ‘अ सिंगल सर्व्हर टिक टुक ६० सेकंड्स’ असे लिहून तो बंद होतो. याला सुरू होतानाचा बिघाड म्हणायचे का?

उत्तर : परिणाम तोच असला तरी कारण वेगळे आहे. सर्व्हर दर सेकंदाला २० टिक (जग पुढे नेण्याच्या फेऱ्या) घेतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. एखादा टिक ६० सेकंदांतही संपला नाही, तर देखरेख ठेवणारा भाग सर्व्हर अडकला असे मानून त्याला बंद करतो. ही मर्यादा ‘मॅक्स-टिक-टाइम’ या नावाने ‘सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये ६०००० मिलिसेकंद अशी लिहिलेली असते आणि तिथे -१ लिहिल्यास देखरेख थांबते. मॉडचे मोठे प्रदेश पहिल्यांदाच तयार होत असतील आणि संगणक मंद असेल, तर तात्पुरती ती वाढवणे समर्थनीय आहे. मात्र आधीच तयार असलेल्या जगावर हे घडत असेल, तर देखरेख काढून टाकल्याने सर्व्हर बंद पडण्याऐवजी नुसता गोठेल. त्या वेळी मिळालेल्या क्रॅश रिपोर्टमध्ये ‘सर्व्हर थ्रेड’च्या उतरंडीत कोणत्या मॉडचे नाव येते ते पाहावे. रिपोर्टमध्ये ‘टिकिंग एंटिटी’ असे शब्द असतील, तर तो प्रकार निराळा आहे : एकच प्राणी किंवा वस्तू बिघडलेली असून तिचे स्थानही तिथेच दिलेले असते. अशी वस्तू आपोआप काढून टाकण्याची सोय फोर्जच्या कॉन्फिगमध्ये आहे. बॅकअप घेऊन ती सुरू करावी आणि एकदा सर्व्हर नीट चालला की पुन्हा बंद करावी.

प्रश्न : एवढे करूनही उलगडा झाला नाही तर मदत कोणाकडे आणि कशी मागावी? एका ओळखीच्याने ‘दुरुस्त केलेली’ जार फाइल देऊ केली आहे.

उत्तर : ती फाइल घेऊ नये. मॉड म्हणजे नुसती सजावट नव्हे. तो संपूर्ण प्रोग्राम असतो आणि सर्व्हर चालवणाऱ्या खात्याला जे जे करता येते, ते सर्व त्यालाही करता येते. जून २०२३ मध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा घातक प्रोग्राम कर्सफोर्ज या मॉडच्या संकेतस्थळासारख्या प्रस्थापित ठिकाणच्या मॉडमधूनही पसरला होता. तिथेही असे घडू शकते, तर अनोळखी उगमाच्या फाइलविषयी अधिकच सावध राहायला हवे. मॉड त्याच्या लेखकाच्या मूळ पानावरूनच घ्यावा.

मदतही लेखकाकडेच मागावी, मात्र त्याआधी दोषी मॉड कोणता हे वरच्या पद्धतीने शक्य तितके नक्की करून घ्यावे. पत्रात गेमची, लोडरची, जावाची आणि त्या मॉडची नेमकी आवृत्ती लिहावी. ‘सगळ्यांत नवी’ असे लिहू नये, कारण ती उद्या बदलते. बिघाडाच्या आधी शेवटचा बदल कोणता केला आणि फक्त तो मॉड व त्याला लागणारे मॉड ठेवूनही सर्व्हर कोसळतो का, हेही सांगावे. पडद्याचा फोटो पाठवू नये, कारण त्यात नेमका कारणाचा भाग कापला जातो आणि त्यातला मजकूर शोधताही येत नाही. क्रॅश रिपोर्ट आणि ‘लेटेस्ट’ लॉग या दोन्ही फाइली संपूर्ण पाठवाव्यात. पाठवण्याआधी लॉगमध्ये ‘लॉग्ड इन’ हे शब्द शोधावेत. सर्व्हर आधी चालला असेल आणि खेळाडू आत आले असतील, तर त्या ओळींमध्ये त्यांच्या नावांपुढे त्यांचे आयपी पत्ते असतात. ते पुसून मगच फाइल बाहेर द्यावी.